शिट्टी कोणाच्या हाती? – शालेय खेळ, नेतृत्व आणि स्वयंसेवा

शाळेचा क्रीडामहोत्सव म्हटला, की उद्घाटनाच्या भाषणात एक वाक्य हमखास येते : ‘खेळातून नेतृत्वगुण वाढीस लागतात.’ पाहुणे ते म्हणतात, मुख्याध्यापक दुजोरा देतात, मुले टाळ्या वाजवतात आणि सामने सुरू होतात. हे विधान कितपत खरे आहे, हे पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही. पण ‘पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते’ असे कोणी म्हटले, तर विज्ञानाचा शिक्षक लगेच विचारतो, ‘किती दाबाला?’ मग इथेही विचारायला हवे : कोणाचे नेतृत्व वाढते, आणि कोणत्या परिस्थितीत?

एक साधा हिशेब करू. जालना शहरातला मस्तगड भाग डोळ्यांसमोर आणा. निजाम-उल्-मुल्क असफजाहाच्या आदेशावरून काबिलखानाने १७२५मध्ये बांधलेल्या गढीची ही जुनी वस्ती. अशा जुन्या वस्तीतल्या शाळेला मैदान असलेच, तर ते लहान असते. समजा, तेथील एका शाळेत आठवीच्या तुकडीत ४८ मुलेमुली आहेत. तालुका पातळीच्या स्पर्धेसाठी खो-खोचा संघ निवडायचा आहे. संघात १२ ते १५ जण घेतले जातात आणि त्यांतला कर्णधार एक. संघ साऱ्या शाळेचा असल्याने या तुकडीतून तीन-चार जण निवडले गेले तरी पुष्कळ झाले. उरलेल्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस जणांच्या वाट्याला काय आले? रेषेबाहेर उभे राहून ओरडणे. म्हणजे ‘खेळातून नेतृत्व’ हे विधान खरे मानले, तरी ते फार तर एखाद्या विद्यार्थ्यापुरतेच खरे ठरते!

आणि त्या एकाच्या बाबतीत तरी ते खरे आहे का?

बीज आधी की झाड आधी?

शाळेतले खेळाडू इतरांपेक्षा धीट असतात, पुढाकार घेतात, हे आपण पाहतो. त्यावरून खेळाने त्यांना धीट केले, असा निष्कर्ष आपण काढतो. पण उलटही शक्य आहे. मुळात धीट असलेली मुलेच मैदानाकडे वळली असतील, किंवा गुरुजींच्या नजरेत तीच आधी भरली असतील.

जालन्याच्या वाचकांना हा मुद्दा बियाण्यांच्या उदाहरणाने चटकन पटेल. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये ‘महिको’ ही कंपनी स्थापन केली आणि पुढे जालना बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाऊ लागले. नवे वाण चांगले की जुने, हे ठरवताना कोणी नवे वाण काळ्या कसदार रानात आणि जुने मुरमाड माळावर पेरत नाही. तसे केले, तर आलेले जादा पीक वाणाचे की जमिनीचे, हे कळणारच नाही. म्हणून एकाच रानात सारखे वाफे पाडतात आणि कोणत्या वाफ्यात कोणते वाण पेरायचे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. खेळाच्या बाबतीत आपण नेमके हेच करत नाही. कसदार रान आधी निवडतो, तिथेच पाणी देतो आणि पीक चांगले आले म्हणून बियाण्याचे कौतुक करतो.

जन्मतारखेची किमया

ही ‘कसदार रानाची’ निवड किती फसवी असू शकते, याचा एक पुरावा अनपेक्षित ठिकाणी मिळाला. रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५मध्ये कॅनडातील बर्फावरच्या हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. वरच्या दर्जाच्या संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले खेळाडू पुष्कळ होते, तर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेले फारच थोडे. यात ग्रहताऱ्यांचा काही संबंध नव्हता. तेथे वयोगट १ जानेवारीपासून मोजला जाई. साहजिकच जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच गटातल्या डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असे. दहाव्या वर्षी एका वर्षाचा फरक म्हणजे उंची, वजन आणि समज यांत मोठाच फरक. मोठा मुलगा निवडला जाई, त्याला चांगला प्रशिक्षक मिळे, जास्त सामने मिळत आणि काही वर्षांनी तो खरोखरच सरस होई. याला ‘सापेक्ष वयाचा परिणाम’ म्हणतात.

ही गोष्ट खेळातल्या कौशल्यापुरतीच राहती, तर तिचा आपल्या विषयाशी संबंध आला नसता. परंतु एलिझाबेथ ड्यूई आणि स्टीफन लिप्सकोम या अर्थशास्त्रज्ञांनी २००८मध्ये अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या माहितीवरून दाखवले, की वर्गात वयाने सर्वांत मोठे असलेले विद्यार्थी संघाचे कर्णधार किंवा मंडळाचे अध्यक्ष होण्याची शक्यता सर्वांत लहान विद्यार्थ्यांपेक्षा ४ ते ११ टक्क्यांनी अधिक असते. ज्याला आपण ‘उपजत नेतृत्वगुण’ म्हणतो, त्याचा काही भाग केवळ काही महिने आधी जन्मल्याचा असतो!

हा शोध आपल्याही शाळेत करून पाहण्याजोगा आहे. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात आणि त्यांची वयोमर्यादा कॅलेंडर वर्षाप्रमाणे ठरते. गेल्या दहा वर्षांच्या शालेय संघांतील खेळाडूंचे जन्ममहिने नोंदवहीतून काढा आणि तीन-तीन महिन्यांच्या चार गटांचा स्तंभालेख विद्यार्थ्यांकडून काढून घ्या. शेजारी साऱ्या शाळेचा तसाच स्तंभालेख ठेवा, म्हणजे तुलना होईल. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. एका संघातल्या बारा जणांवरून काहीही सिद्ध होत नाही. संख्या मोठी हवी. दुसरी गोष्ट आपल्याकडची खास. जुन्या नोंदींत १ जून ही जन्मतारीख फार आढळते. त्या दिवशी महाराष्ट्रात जन्मांचा पूर आला होता असे नव्हे. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजींनी सोयीने लिहिलेली ती तारीख आहे. आकडेवारी वापरण्यापूर्वी ती कशी जमली हे पाहावे, हा धडा विद्यार्थ्यांना यातून फुकट मिळेल.

गुरुजी बाजूला झाल्यावर

आता खरा प्रश्न. नेतृत्व काही अंशी संधीतून येत असेल, तर संधी कशी द्यावी?

याबाबतचा एक जुना प्रयोग शिक्षकांनी माहीत करून घ्यावा असा आहे. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी १९३८-३९च्या सुमारास अमेरिकेतील आयोवा येथे दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांची शाळा सुटल्यानंतरची छोटी मंडळे चालवली. मुले मुखवटे बनवणे यांसारखी कामे करत. प्रत्येक मंडळाला एक प्रौढ प्रमुख असे आणि तो तीनपैकी एका पद्धतीने वागे. पहिल्या पद्धतीत सारे हुकूम त्याचेच. दुसरीत काम आणि कामाची वाटणी मुलांशी चर्चा करून ठरे. तिसरीत त्याने मुलांना मोकळे सोडलेले असे. प्रमुखाने मध्येच खोलीबाहेर जायचे, अशीही योजना होती.

तो बाहेर गेल्यावर फरक उघड झाला. हुकमाने चालणाऱ्या मंडळांत तो असेपर्यंत काम जोरात चाले, तो जाताच काम गळून पडे. चर्चेने चालणाऱ्या मंडळांत तो नसतानाही काम बरेचसे सुरू राही. मोकाट सोडलेल्या मंडळांत एकूण काम कमीच होई. प्रयोगातली मुले थोडी होती आणि ती एकाच देशातली होती, त्यामुळे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. पण त्यातली कसोटी आपल्या मैदानावर लावण्याजोगी आहे. शारीरिक शिक्षणाच्या तासाला गुरुजी पाच मिनिटे बाजूला झाले, तर खेळ चालू राहतो, की बंद पडतो, की भांडण होते? क्रीडामहोत्सवातल्या पदकांपेक्षा ही पाच मिनिटे आपल्याला अधिक सांगून जातात.

मुलांवर सारे सोडून देणे म्हणजे नेतृत्व देणे नव्हे, हेही या प्रयोगातून दिसते. मुलांना काम हवे, त्याचे नियम हवेत आणि निर्णयाचा अधिकारही हवा. या तिन्ही गोष्टी एकत्र कुठे मिळतात? उत्तर मैदानाच्या कडेला आहे.

खेळाडू अठरा, पण माणसे किती?

खो-खोचा सामना बारकाईने पाहा. पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ जण मैदानात असतात. आठ जण मध्यपाटीवरच्या चौकांत आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले आणि नववा पळणाऱ्यांच्या मागे. या नवव्याला मध्यपाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली, की खांबापर्यंत जाईतो मागे फिरता येत नाही. पळणारा मात्र कोठूनही निसटू शकतो. मग एकच उपाय उरतो : योग्य दिशेला तोंड असलेल्या गड्याला पाठीमागून ‘खो’ द्यायचा, त्याच्या जागी आपण बसायचे आणि पुढचे त्याच्यावर सोपवायचे. एकट्याच्या जोरावर सामना मारण्याची सोय या खेळाच्या नियमांनीच ठेवलेली नाही. दर काही सेकंदांनी पुढाकार एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो आणि बसलेल्यालाही सतत जागे राहावे लागते.

पण सामना एवढ्यावर होत नाही. सरपंच लागतो, पंच लागतात, वेळाधिकारी आणि गुणलेखक लागतात. कोणीतरी आधी येऊन दोरी लावून फक्कीने मैदान आखलेले असते. कोणी पाणी भरलेले असते, कोणाच्या हातात प्रथमोपचाराची पेटी असते. आपल्याकडे ही कामे शिक्षक करतात, किंवा ‘खेळता न येणाऱ्या’ मुलांच्या गळ्यात पडतात. वास्तविक जबाबदारीचे शिक्षण याच कामांत आहे. पंचाला क्षणात निर्णय द्यावा लागतो आणि तो रागावलेल्या मित्रासमोर टिकवावा लागतो. गुणलेखकाला आवडत्या संघाचे गुणही तितकेच लिहावे लागतात. मैदान आखणाऱ्याने आळस केला, तर सामनाच सुरू होत नाही.

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ डॅरिल सिडेनटॉप यांनी हाच विचार १९८०च्या दशकात मांडायला सुरुवात केली आणि १९९४मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. शारीरिक शिक्षणाच्या तासांचा एक ‘हंगाम’ करायचा, संघ हंगामभर तेच ठेवायचे आणि खेळण्याबरोबर प्रत्येकाला पंच, गुणलेखक, प्रशिक्षक अशी कामे पाळीपाळीने द्यायची, अशी त्यांची पद्धत आहे. ती कित्येक देशांतल्या शाळांत वापरली जाते.

बारा सामन्यांचे गणित

आपल्या ४८ जणांच्या तुकडीत हे बसते का, ते पाहू. बारा-बारांचे चार संघ करा. संघ शक्य तितके सारख्या ताकदीचे असावेत आणि मुलेमुली त्यांत मिसळून असावीत. प्रत्येक संघ इतर तिघांशी दोनदा खेळेल. चार संघांच्या जोड्या सहा. म्हणून एकूण सामने बारा. प्रत्येक संघाचे सहा सामने होतात.

प्रत्येक सामन्याला कर्णधार आणि उपकर्णधार नवा. सहा सामन्यांत सहा कर्णधार आणि सहा उपकर्णधार, म्हणजे बरोबर बारा. संघातला प्रत्येक जण यांपैकी एक होतो!

आता कामे. दोन संघ खेळत असताना तिसरा संघ सामना चालवतो. सरपंच १, पंच २, वेळाधिकारी १, गुणलेखक २, मैदान आखणारे आणि आवरणारे ३, पाणी आणि प्रथमोपचार २, सामन्याचा वृत्तान्त लिहून फलकावर लावणारा १, एकूण बारा. चौथा संघ सामना पाहतो किंवा सराव करतो. बारा सामने चार संघांत वाटले, की प्रत्येक संघाची पाळी तीनदा येते. म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला तीन वेगवेगळी कामे मिळतात.

वेळेचे काय? प्रत्येक पाळी चार मिनिटांची ठेवली, तर दोन डावांच्या चार पाळ्यांना सोळा मिनिटे लागतात. मधली विश्रांती आणि शेवटची तीन मिनिटांची चर्चा धरूनही ३५ मिनिटांचा तास पुरतो. मैदान आखणाऱ्या तिघांनी मात्र थोडे आधी यायचे. जागा लहान असेल, तर मैदानाची लांबी-रुंदी त्याच प्रमाणात कमी करा. आठवड्याला दोन तास मिळाले, तर सहा आठवड्यांत हंगाम संपतो. खर्च फक्कीचा, दोन शिट्ट्यांचा आणि एका वहीचा.

गुणलेखक दोन ठेवण्यामागे हेतू आहे. दोघांनी एकमेकांचे न पाहता नोंदी कराव्यात आणि शेवटी त्या ताडून पाहाव्यात. फरक पडला, तर तो का पडला हे शोधावे. प्रयोगशाळेत एकाच लांबीचे मोजमाप दोघांनी घेण्याचा जो अर्थ, तोच इथे आहे. पंच चुकेल, हेही गृहीत धरावे. सामना चालू असताना त्याचा निर्णय शिक्षकांनी बदलू नये, चर्चा नंतर करावी. शिक्षकाने एकदा निर्णय फिरवला, की मुले पुढच्या वेळी पंचाकडे न पाहता शिक्षकाकडेच पाहतात. फक्त कोणाला इजा होण्याची शक्यता दिसली, तर शिक्षकाने खेळ ताबडतोब थांबवावा. सुरक्षिततेची जबाबदारी मुलांवर टाकायची नसते.

स्पर्धेची दुसरी बाजू

संघ केले, की ‘आपण’ आणि ‘ते’ अशी वाटणी होते. १९५४मध्ये मुझफ्फर शेरिफ यांनी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात एका उन्हाळी शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले. रस्सीखेच आणि चेंडूफळीसारख्या खेळाचे सामने लावल्यावर शिवीगाळ, झेंडे जाळणे, एकमेकांच्या खोल्यांवर हल्ले, इथपर्यंत मजल गेली. नुसते एकत्र जेवायला बसवून ते वैर निवळले नाही. पाणीपुरवठा बंद पडला आणि दोन्ही गटांनी मिळूनच तो सुरू करायचा, अशी सामाईक निकड उभी राहिल्यावर ते हळूहळू कमी झाले. संशोधकांनीच भांडणाला फूस दिली होती, अशी टीका या प्रयोगावर पुढे झाली आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. तरीही शिक्षकाने त्यातून घ्यायचे ते हेच, की स्पर्धा आपोआप खिलाडूपणा शिकवत नाही. वर मांडलेल्या योजनेत आज ज्यांच्याशी आपण खेळलो, तेच उद्या आपल्या सामन्याचे पंच असतात. त्यामुळे प्रत्येक संघाला इतर संघांची गरज राहते.

मैदानाबाहेर

गुणलेखक प्रामाणिक झाला, म्हणून तो मोठेपणी हिशेबात चोख राहीलच, असे धरून चालू नये. १९०१मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी दाखवले होते, की एका कामातल्या सरावाचा फायदा दुसऱ्या कामात आपोआप उतरत नाही. दोन कामांत जेवढे घटक समान, तेवढाच तो उतरतो. तेव्हा मैदान आणि समाज यांच्यातले समान घटक आपणच शोधून जोडून द्यायला हवेत. डोनाल्ड हेलिसन यांनी शिकागोतील वंचित मुलांबरोबर खेळांमधून जबाबदारी शिकवण्याची पद्धत बसवली. तिच्या पाच पायऱ्या आहेत : इतरांच्या हक्कांचा मान, मनापासून प्रयत्न, स्वतःचे काम स्वतः ठरवणे, इतरांना मदत आणि नेतृत्व, आणि शेवटी हे सारे मैदानाबाहेर नेणे. ही शेवटची पायरी सर्वांत अवघड आहे आणि आपल्या शाळांत ती बहुधा राहूनच जाते.

ही पायरी आपल्या मातीला परकी नाही. कुस्तीच्या तालमीत पहाटे आलेला पोरगा आधी हौद्याची माती खणतो आणि मग लढत धरतो. जुना पैलवान नव्याला डाव शिकवतो. जालन्याने डिसेंबर २०१८मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा पाहिली. अशा स्पर्धेत गदा एकाच्या खांद्यावर जाते, पण आखाडा तयार करणारे हात अनेक असतात. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४मध्ये सुरू झाले आणि १९३६मध्ये त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढले. या संस्थांनी व्यायामाकडे नुसते शरीर कमावण्याचे साधन म्हणून पाहिले नाही. दुसऱ्यांना शिकवू शकतील असे कार्यकर्ते घडवणे हेही आपले काम मानले.

अलीकडची उदाहरणेही आहेत. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्लम सॉकर’ संस्थेत खेळायला आलेली मुले पुढे प्रशिक्षक म्हणून उभी राहिली. २०१६मध्ये या कामाला ‘फिफा’चा विविधता पुरस्कार मिळाला. मुंबईत १९९९मध्ये सुरू झालेल्या ‘मॅजिक बस’ने वस्तीतल्याच तरुण स्वयंसेवकांना खेळाची सत्रे घ्यायला शिकवले. दोन्हीकडे सूत्र एकच आहे. कालचा खेळाडू आज धाकट्यांना शिकवतो.

मस्तगडसारख्या वस्तीत शाळेने काय करावे? आठवी-नववीची मुले रविवारी सकाळी तिसरी-चौथीच्या मुलांचे खेळ घेऊ शकतील. गल्लीतल्या उत्सवाच्या स्पर्धांना पंच आणि गुणलेखक पुरवू शकतील. २०१२-१३च्या दुष्काळात जालना हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. टँकर आल्यावर रांग लावणे, कोणाला किती पाणी मिळाले याची नोंद ठेवणे आणि ओळखीच्या माणसालाही पुढे न सोडणे, हे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली पंचाच्या आणि गुणलेखकाच्याच सवयींनी होते. ‘तुम्ही मैदानावर हेच केलेत’ असे शिक्षकांनी शब्दांत सांगितले पाहिजे. ते मुलांच्या आपोआप लक्षात येत नाही.

इथे एक सावधगिरी. अशा कामांना गुण किंवा बक्षिसे ठेवण्याचा मोह होतो. १९७३मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रे काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधी कबूल करून बक्षिसे दिली. पुढे मोकळ्या वेळात ही मुले बक्षीस न मिळालेल्या मुलांपेक्षा कमी वेळ चित्रे काढताना दिसली. आवडीच्या कामाला मोबदल्याची अट जोडली, की आवडच आटते. स्वयंसेवेला प्रमाणपत्राचे आमिष दाखवले, तर प्रमाणपत्र मिळेपर्यंतच सेवा चालेल. मुलाला त्याच्या कामाचा उपयोग झाला हे दिसू द्यावे, तेवढे पुरते.

ज्यांची पाळी चुकते

पाळी सर्वांना मिळावी असे आपण म्हणतो, पण दोन गटांची पाळी नेहमी चुकते. जालना जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली मुले दिवाळीच्या सुमारास शाळेतून दिसेनाशी होतात. क्रीडामहोत्सव होतो हिवाळ्यात, तेव्हा ही मुले उसाच्या फडात असतात. म्हणून सहा आठवड्यांचा हंगाम जुलै-ऑगस्टमध्येच, पावसाने उघडीप दिली की घ्यावा. तेव्हा ऊनही मार्च-एप्रिलसारखे तापलेले नसते.

दुसरा गट मुलींचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) जालना जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या दर तीन स्त्रियांपैकी साधारण एकीचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेले होते. शिट्टी हाती दिल्याने बालविवाह थांबतील, असा दावा कोणी करू नये. पण ‘बाद!’ असे ठामपणे सांगायचे, पंचवीस जणांनी ते ऐकायचे आणि रागावलेल्या मुलासमोरही शब्द मागे घ्यायचा नाही, हा अनुभव चौदाव्या वर्षी एखाद्या मुलीला दुसरीकडे कुठे मिळणार? मराठवाड्यातल्याच धाराशिव जिल्ह्याच्या सारिका काळे यांनी २०१६च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय महिला खो-खो संघाचे नेतृत्व करून सुवर्णपदक मिळवले आणि २०२०मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांचे नाव मुलींना जरूर सांगावे. पण खेळ शाळेच्या वेळातच ठेवावा, म्हणजे घरकामासाठी घाईने परतावे लागणाऱ्या मुलीचीही पाळी चुकणार नाही.

करून पाहा

या लेखातल्या योजनेवरही नुसता विश्वास ठेवू नका. आठवीच्या दोन तुकड्या असतील, तर नाणे उडवून एक निवडा. त्या तुकडीत पहिल्या सत्रात पाळीपाळीने कामे द्या, दुसरीत नेहमीसारखा खेळ चालू द्या. दुसऱ्या सत्रात उलट करा, म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही. सुरुवातीला आणि प्रत्येक सत्राच्या शेवटी तीन गोष्टी मोजा. शिक्षक पाच मिनिटे बाजूला झाल्यावर खेळ किती वेळ चालतो? वर्गात एखादे काम विचारले, तर किती वेगवेगळे हात वर होतात? आठवड्यात किती भांडणे शिक्षकांपर्यंत येतात? मोजणी अशा सहकाऱ्याने करावी, ज्याला कोणत्या तुकडीत काय चालले आहे हे माहीत नाही. नाहीतर आपल्याला हवे तेच दिसू लागते. नव्या गोष्टीचा उत्साह सुरुवातीला असतोच, म्हणून महिन्याभराने पुन्हा एकदा मोजा.

फरक दिसला नाही, तर तेही लिहून ठेवा. ते उत्तरही उपयोगाचेच असते. पण मोजणीच्या आधीही एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाला आपल्या वर्गात पाहता येईल. हजेरीपट समोर घ्या आणि या वर्षी ज्यांच्या हाती एकदाही शिट्टी आली नाही, त्यांच्या नावांपुढे खूण करा. खुणा मोजून झाल्या, की पुढच्या तासाच्या सामन्याचा सरपंच त्यांतूनच निवडा.